अकरा सेकंद

डबिंगच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त घोळ कठीण शब्दांनी होतो असं लोकांना वाटतं, पण खरा घोळ सोप्या शब्दांनी होतो. परवाचंच बघा. युजीन डेब्स नावाच्या अमेरिकन युनियन लीडरवरची डॉक्युमेंटरी मराठीत करायची होती, पहिला ड्राफ्ट कुणीतरी मशीनमधून काढून वरवर पुसून पाठवलेला, आणि त्यात डेब्स 'अग्निशामक दलाच्या संघटनेत' काम करत होता. अरे बाबांनो, लोकोमोटिव्ह फायरमन! चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेच्या डब्यांचा रंग खरवडणारा आणि मग इंजिनात कोळसा टाकणारा पोरगा तो, आग विझवणारा नाही, आग पेटती ठेवणारा.

ज्या काकांचा आवाज होता त्यांचे वडील भुसावळला स्टीम इंजिनावर फायरमन होते. ते वाचून इतके हसले की एक टेक वाया गेला. मग म्हणाले, "फायरमनच ठेव ग, आमच्या घरी सगळे तेच म्हणायचे."

बाकी दिवस नेहमीसारखाच, इंग्रजी आवाज खाली बारीक चालू ठेवायचा, त्याच वेळेत आपलं मराठी बसवायचं, आणि मराठी वाक्य जवळजवळ नेहमीच लांब होतं. क्लीव्हलंड शहराच्या कोर्टातल्या त्या वाक्यावर मी अर्धा तास घातला. सप्टेंबर १९१८, ओहायोतल्या कॅन्टनला युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून दहा वर्षांची शिक्षा होणार आणि हा माणूस जज्जला सांगतो, जोवर खालचा वर्ग आहे तोवर मी त्यात आहे, जोवर गुन्हेगार आहेत तोवर मी त्यांच्यातला, जोवर एकही जीव तुरुंगात आहे तोवर मी मोकळा नाही. 'वर्ग' म्हटलं की शाळेतली तुकडी आठवते, 'थर' म्हटलं की केक. शेवटी 'वर्ग'च ठेवला, काकांनी असा काही म्हटला की रेकॉर्डिस्टसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत बसला. पुढे १९२१ च्या नाताळला प्रेसिडेंट हार्डिंगने त्याला सोडलं तिथेही ड्राफ्टमध्ये 'माफी' होती, ती मी काढली. माफी नव्हती ती, भोगली तेवढी शिक्षा पुरे, एवढंच. अशा गोष्टी पकडल्या की मला फार बरं वाटतं, म्हणून पुढचं जास्त टोचतंय.

पुलमन संपाचा भाग. १८९४, शिकागोजवळ पुलमन कंपनीने पगार कापले पण कंपनीच्याच घरांचं भाडं कमी केलं नाही, कामगार संपावर गेले, आणि डेब्सच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. कोर्टाचा मनाई हुकूम आला, प्रेसिडेंट क्लीव्हलंडने लष्कर पाठवलं, डेब्स सहा महिने वुडस्टॉकच्या तुरुंगात. या सगळ्याला वेळ कमी होता. क्लायंटकडून आलेल्या बाई, ज्यांना मराठी येत नाही पण टाइमकोड, म्हणजे कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला, ते मात्र पाठ, म्हणाल्या अकरा सेकंद जास्त होताहेत, काहीतरी उडवा.

मी काय उडवलं? ते वाक्य, की युनियनच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना घ्यायचं की नाही यावर मतं पडली, डेब्स घ्या म्हणत होता, आणि ११२ विरुद्ध १०० ने तो हरला. ते आधीच्या वाक्याला चिकटलेलं होतं, म्हणून त्यातला 'गोरा' पण गेला. उरलं ते असं: "ड्रायव्हर, फायरमन, गँगमन, रेल्वेतला कुठलाही कामगार या युनियनमध्ये येऊ शकत होता."

त्याच वेळी स्क्रीनवर पुलमन डब्यातला काळा पोर्टर, हातात बॅगा, जुना फोटो. काकांनी वाक्य वाचलं, फोटोकडे बघितलं आणि माइकवरूनच विचारलं, "हा पण?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "काका, पुढचा टाइमकोड घेऊया का."

आता कुणी म्हणेल क्लायंटची घाई, पण अकरा सेकंद दुसरीकडून निघाले असते, हार्डिंगच्या सीनमध्ये नुसत्या पायऱ्या उतरण्याचंच किती वर्णन होतं. रात्री मेल टाकला, वाक्य बदलायचंय म्हणून. मिक्स लॉक झालाय, म्हणजे आता आवाजात काही बदलता येणार नाही, असं उत्तर आलं, सोबत थँक्यू आणि हात जोडलेले. काकांचं पेमेंट अजून झालेलं नाही म्हणून परवा त्यांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही, ते परत तेच विचारतील असं वाटलं.