निकालाआधीची शिक्षा

परवा एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात विशीतला एक कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला आरोपी, पाहिला. दोन्ही हातांत बेड्या होत्या, त्यांतून दोर ओवलेला होता आणि दोराचे टोक हवालदाराच्या मुठीत होते. समोरून आई येताना दिसली, तेव्हा त्याने दोन्ही हात शर्टाखाली ओढून घेतले. त्याच्यावर कोणता आरोप होता हे मला ठाऊक नाही, आणि त्याला बेड्या घालाव्यात का, या प्रश्नापुरते ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

कारण हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच निकाली काढला आहे. तिहार तुरुंगातील एका कच्च्या कैद्याने पाठवलेल्या तारेवरून ‘प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन’ हा खटला उभा राहिला. ऊठसूट बेड्या घालणे अमानुष आहे, कैदी पळून जाण्याचा खरोखरीचा धोका असेल तरच त्या घालाव्यात आणि त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात ठरवून दिले. त्या काळच्या पोलीस नियमांत ‘वरच्या वर्गाच्या’ कैद्याला बेड्यांतून सूट होती आणि सामान्य माणसाला नव्हती. हा भेदही न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. मला या निकालातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अब्रू ही शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या माणसालाच असते हा समज आजही पोलीस ठाण्याच्या दारात भेटतो.

१९९५ मध्ये आसाममधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बेड्या घालता येणार नाहीत. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४३ ने खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी अशा आरोपांत अटक करताना आणि न्यायालयापुढे हजर करताना बेड्यांची मुभा दिली आहे. पळून जाण्याच्या धोक्याऐवजी आरोपाचे स्वरूप हा निकष झाला, आणि आरोप तर पोलीसच लावतात.

धिंडीला तर हाही आधार नाही. आरोपीला त्याच्याच गल्लीतून फिरवणे, कान धरून माफी मागायला लावणे, त्याचे चित्रीकरण पसरवणे, ही शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. तरीही लोक टाळ्या वाजवतात. देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

त्या दिवशी न्यायकक्षाच्या दाराशी हवालदाराने मुलाच्या बेड्या काढल्या. पुढची तारीख घेऊन तो बाहेर आला, तेव्हा त्याच दाराशी त्या पुन्हा घातल्या.