सामान कोणाचं? गोव्यातला घटस्फोट पडद्यावर आणताना

लग्न आणि ताटातूट यांवरच्या हिंदी चित्रपटांत कोर्टाचा प्रसंग ठरलेला असतो. वकील कागद पुढे सरकवतो, नायिका पेन हातात घेऊन क्षणभर थांबते, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख पडते. हे सहा महिने हिंदू विवाह कायद्यातल्या कलम १३-ब चे. परस्परसंमतीचं हे कलम १९७६ साली आलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत प्रत्येक वेळी सक्तीची नाही. दिल्ली-मुंबईच्या कथेत हा प्रसंग चालतो. पण नवरा-बायको दोघेही मूळ गोंयकार असतील तर त्यांना हे कलम लागूच होत नाही. पणजीच्या मळा किंवा फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांतल्या रंगीत भिंतींपुढे चित्रीकरण करून पात्रांच्या तोंडी तोच संवाद घातला, तर गोव्यातला प्रेक्षक तिथेच कथेतून बाहेर पडतो.

इथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. घटस्फोट आणि विवाहाचे कायदे १९१० चे आहेत. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या अधिनियमाने हे कायदे चालू ठेवले. त्यातला मुद्दा पटकथाकाराच्या फार उपयोगाचा आहे. इथे विभक्त होण्याचं खरं नाट्य सहीत सापडत नाही, ते सामानाच्या यादीत सापडतं.

गुलजारांचा ‘इजाजत’ (१९८७) आठवा. सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या बंगाली कथेवर तो आधारलेला आहे. पावसाळी रात्र, रेल्वेचं प्रतीक्षागृह, बऱ्याच वर्षांनी समोरासमोर आलेले महेंद्र आणि त्याची पूर्वीची बायको सुधा. आशा भोसले यांनी गायलेलं जे गाणं त्या चित्रपटाची ओळख बनलं, ते महेंद्रची प्रेयसी माया हिचं सामान परत पाठवण्यावरूनच येतं. कपाटातल्या वस्तू परत करता येतात, बाकीचं कसं करणार, हा तिचा प्रश्न. त्या गाण्यासाठी गीतकार आणि गायिका दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोव्यात मात्र सामानाची वाटणी ही कायद्याचीच एक पायरी आहे, आणि हिंदी पटकथांनी ती अजून नीट पाहिलेली नाही.

सुरुवात लग्नापासून करावी लागते. इथे लोक ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ म्हणतात. वधू-वर तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे साक्षीदारांसह जाऊन लग्नाचा इरादा नोंदवतात, ती पहिली सही. मग नोटीस लागते, हरकतींची मुदत जाते. त्यानंतर पुन्हा जाऊन करतात ती दुसरी, आणि कायद्याच्या दृष्टीने लग्न होतं ते या दुसऱ्या सहीने. चूक होते ती इथेच. पहिली सही झाली, देवळात होम-सप्तपदी झाली, पंगत उठली, आणि दुसरी सही राहून गेली. माणूस परदेशी निघून गेला की बाईला कळतं की कागदावर ती कोणाची बायकोच नव्हती. अर्ध्या हिश्श्याचा हक्क तर फारच दूर. ज्या पटकथेला ‘लग्न होतं की नव्हतं’ हा प्रश्न हवा आहे, तिला यासाठी वेगळा योगायोग शोधावा लागत नाही.

दुसऱ्या सहीबरोबर मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवऱ्याचं आणि बायकोचं, आधीचं आणि नंतरचं, कमावलेलं आणि वारशाने आलेलं, सगळं एका थाळीत येतं आणि प्रत्येकाचा हिस्सा निम्मा. अपवाद आहेत, पण थोडे. दोघांचे अंगावर वापरायचे कपडे वाटणीत धरत नाहीत. करार लग्नाआधीच व्हावा लागतो, लग्नानंतर तो करताही येत नाही आणि बदलताही येत नाही. म्हणून ‘भांडणानंतर नवऱ्याने बायकोकडून करार लिहून घेतला’ हा प्रसंग गोव्यात घातला तर तो खोटाच ठरतो. घर विकायचं तर विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. नवऱ्याने एका रात्रीत घर विकून टाकलं, हे वळणही टिकत नाही. आणखी एक चूक वारंवार होते. सासरा जिवंत असताना सून त्याच्या घराचा निम्मा भाग मागते. नवऱ्याच्या हाती जे अजून आलेलंच नाही, त्यात बायकोचा निम्मा कुठून येणार? आणि जमिनीचा कागद दाखवायचा तर सातबारा दाखवू नका. गोव्यात त्याला ‘एक-चौदा’ म्हणतात.

आता घटस्फोट. परस्परसंमतीने हवा असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि दोघांनीही पंचविशी पूर्ण केलेली असावी लागते. अर्जासोबत विवाहाचा दाखला, मालमत्तेची यादी आणि ती कशी वाटायची याचा करार, मुलं असतील तर त्यांच्या ताब्याची आणि खर्चाची व्यवस्था हे सगळं द्यायचं असतं. न्यायाधीश दोघांना ऐकतात, समेटाचा प्रयत्न करतात, आणि तो जमला नाही तर आधी एका वर्षापुरती तात्पुरती मंजुरी देतात. शेवटचा हुकूम वर्षानंतर. हे वर्ष पटकथेसाठी मोलाचं आहे. शिगम्यापासून गणेश चतुर्थीपर्यंत आणि पुढच्या शिगम्यापर्यंत दोघे वेगळे राहतात, नातं संपत आलेलं असतं पण संपलेलं नसतं. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधायची फळाफुलांची चौकट, कोण बांधणार, हा प्रश्नही त्या वर्षात येतोच. एकाला नको असलेल्या घटस्फोटाची कारणंही त्या कायद्यात मोजून दिली आहेत. व्यभिचार, छळ, तीन वर्षं घर सोडून जाणं, चार वर्षं काहीच खबर नसणं, स्वखुशीने सलग दहा वर्षं वेगळं राहणं. जुगाराचं जुनं व्यसनही त्यात आहे. चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचा मार्ग वेगळा आहे. तो विषय एवढा मोठा आहे की त्यावर अर्धवट संवाद लिहिण्यापेक्षा जाणत्या वकिलाला विचारणं बरं.

वाटणी आपसात जुळली नाही की ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे यादी करून वाटणी करण्याची कोर्टातली कार्यवाही, लागते. २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात तिची रीत लिहिली आहे. एक जण यादी सादर करतो, दुसरा हरकत घेतो. वस्तूंची, जमिनीची, घराची किंमत ठरते. मग येतो तो भाग, जो कोणत्याही हिंदी चित्रपटात मी पाहिलेला नाही. एकच वस्तू दोघांनाही हवी असेल तर त्या दोघांतच लिलाव होतो. बाहेरचं कोणी नसतं. तुळशीवृंदावन असलेलं घर, जिथे दोघांनी दहा वर्षं संसार केला, त्याच्यासाठी नवरा आकडा सांगतो, मग बायको सांगते, मग पुन्हा नवरा. ज्याच्या वाट्याला जास्त जातं तो दुसऱ्याला फरकाची रक्कम देतो. या प्रसंगात मोठ्याने बोलायचं कारण नाही. दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत काढून फक्त आकडे ऐकवावेत. प्रत्येक आकड्याला कोण किती वेळ घेतं, त्यातच सगळं येतं.

प्रतीक्षागृहाचा प्रसंग गोव्यात हवाच असेल तर मडगाव टाळावं, तिथे फार वर्दळ असते. कुळे स्थानक पाहा. घाट चढून कॅसलरॉककडे जाणाऱ्या गाडीला तिथे मागून जादा इंजिनं लावतात, त्यामुळे गाडीचं थांबणं आपोआपच कथेत बसतं. पावसात कुळ्याच्या फलाटावर समोरचा डोंगर धुक्यात दिसेनासा होतो. कोकण रेल्वेवर घ्यायचं तर पावसाळी वेळापत्रक लक्षात ठेवा. त्या महिन्यांत गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. दोन माणसांना वर्षांनंतर एका बाकावर बसवायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

आणि त्या बाकावर त्यांना बसवलंत तर तिच्या पिशवीत फक्त कपडे ठेवा. बाकी सगळ्याची यादी झालेली आहे.