छप्पन्न की सत्तावन्न?

"किती वाढणार रे हा?"

लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत समोरच्या फ्लॅटमधले काका हा प्रश्न टाकतात आणि आपली काठी बंडूच्या शेजारी उभी धरतात. त्यांचं मोजमाप काठीवर चालतं. मध्ये एक गाठ आहे, तिथे बंडूचा खांदा कधी पोचतो याकडे त्यांचं लक्ष. काकांचे दोन्ही मुलगे अमेरिकेत असतात, त्यामुळे लिफ्टमधल्या वाढत्या जिवांत सध्या बंडूच तेवढा त्यांच्या हाताशी आहे.

बंडू म्हणजे आमचा लॅब्राडॉर. पन्नास दिवसांचा असताना घरी आला तेव्हा चपलांच्या खोक्यात मावत होता. "याचे वडील कुत्र्यांच्या शोमध्ये पहिले आलेत, पंजे बघा फक्त," असं देणाऱ्याने बजावलं होतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण मी आजवर अलंकारिक समजत होतो. कुत्रेवाले ती अक्षरशः घेतात. बंडूचे पंजे तेव्हा करंजीएवढे होते. त्यावरून घरातल्या प्रत्येकाने आपापला अंदाज बांधला आणि मी, नको तिथे डोकं घालायची सवय असल्यामुळे, जातीचा निकष शोधायला बसलो.

तिथेच फसलो. कुत्र्यांच्या जातींचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्राडॉर नराची आदर्श उंची किती दिली आहे? ५६ ते ५७ सेंटिमीटर. बस्स, एक सेंटिमीटरची फट! लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा "५ फूट ८ इंच व पुढे" असा थोडा दिलदारपणा असतो. शिवाय उंची मोजायची ती डोक्यापर्यंत नाही, तर मान संपून पाठ सुरू होते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. डोकं कितीही वर काढा, गुण नाहीत.

अमेरिकेत वेगळाच हिशेब. तिथे नराला साडेबावीस ते साडेचोवीस इंच, म्हणजे साधारण ५७ ते ६२ सेंटिमीटर. त्यापेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला की कुत्रा शोमधून बाद. लंडनला अगदी मापाचा म्हणून वाखाणलेला कुत्रा न्यूयॉर्कला उतरला की काठावर कसाबसा तरतो. विमानात काही आक्रसत नाही तो, फुटपट्टी बदलते. हा अमेरिकी नियम १९९४मध्ये लागू झाला तेव्हा बुटक्या लॅब्राडॉरच्या मालकांनी थेट कोर्टात धाव घेतली. १९९९मध्ये निकाल लागला आणि ते हरले. वाचताना हसलो खरा, पण मग धाकटा काका आठवला.

धाकट्या काकाला पोलिसात जायचं होतं. पुरुषांना १६५ सेंटिमीटर लागतात आणि हा घरच्या भिंतीवर १६५ भरायचा. रोज पहाटे पिंपळाच्या फांदीला लोंबकळायचा, आजी खालून ओरडायची, "अरे, हात लांब होतील नुसते!" भरतीच्या दिवशी सकाळपासून रांगेत उभा राहिला आणि नंबर लागला दुपारी तीनला. माणूस सकाळी उठल्यावर जितका उंच असतो तितका दुपारी राहत नाही, मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या वजनाने दबतात, हे त्याला फार नंतर कळलं. अर्ध्या सेंटिमीटरने गेला. पुढे त्याने दुकान टाकलं, बरं चाललं. पण दुकानातल्या दाराच्या चौकटीखालून जाताना तो उगाचच मान वाकवायचा. उंच माणसं वाकवतात तशी.

असो. तर बंडू.

चार महिन्यांचा झाला तेव्हा बारा किलो भरला. या आकाराच्या कुत्र्याचं साधारण अर्धं वजन चौथ्या महिन्यात होतं, म्हणून मी दुप्पट करून खूश झालो. आई म्हणाली, "नाचणी दे, दूध दे, कॅल्शियमचं औषध आण, हाडापेराने चांगला होईल." मी बाटली आणलीही. डॉक्टरांनी ती हातातून काढून घेतली. मोठ्या जातीच्या पिल्लाला आतड्यातून जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडंच बिघडतात. भराभर वाढवण्याच्या नादात खायला घालणंही वाईट. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, लांबी वाढते ती तिथेच. तो थर हाडासारखा घट्ट झाला की संपलं, मग तूप घाला नाहीतर तीर्थ. "वर्ष-सव्वा वर्ष थांबा," डॉक्टर म्हणाले, "आणि बारीक ठेवा. तो मागेल, तुम्ही देऊ नका."

तो मागेल! बंडू फक्त मागतच असतो. पुष्कळ लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोप मेंदूला नीट पोचू न देणारा जनुकातला दोष असतो, हे वाचल्यापासून त्याच्या डोळ्यांतल्या करुणेवर माझा विश्वास उडाला आहे. बायकोचा मात्र आहे. त्यामुळे पोळीचा तुकडा कुठून जातो हे मला माहीत असून माहीत नसतं.

मधले महिने वाईट गेले. सहाव्या-सातव्या महिन्यात नुसते पाय वाढले. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच, सदानकदा उतारावर उभा असल्यासारखा. दहाव्यात काहीच वाढेना. शोमध्ये उलट्या यू आकाराची चौकट कुत्र्याच्या खांद्यावर ठेवून उंची तपासतात, तिला विकेट म्हणतात. आमच्याकडे मुलीच्या कंपासपेटीतला गुण्या आणि शिंप्याची टेप. बंडूला सपाट फरशीवर, पुढचे पाय सरळ, उभं करायचं. मी गुण्या टेकवायचा. आणि नेमक्या त्या क्षणी तो बसायचा. बसलेल्या कुत्र्याला निकष नाही.

तेरा महिने पूर्ण झाले त्या रविवारी मुलीने समोर खोबऱ्याचा तुकडा धरला आणि बंडू पुतळ्यासारखा उभा राहिला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ५९.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकांनी काठी धरली. खांदा गाठीच्या बोटभर वर.

"किती भरला शेवटी?"

"एकोणसाठ. इंग्लंडच्या मापात बसत नाही. अमेरिकेच्या बसतो."

काकांनी काठी काढून घेतली. बंडूच्या कानामागे जरा वेळ खाजवत राहिले. तळमजला आला, दार उघडलं.

"त्याला सांगू नकोस," काका म्हणाले.