तुम्ही विचारलंत म्हणून : घरी आधी कुठला पिक्चर दाखवू?

"काकू, घरात सांगायचं म्हणतोय. त्याआधी मम्मी-पप्पांना एखादा पिक्चर दाखवू का? कुठला दाखवू?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याचदा आलाय. माझा मुलगा गे आहे. आम्ही कोल्हापुरातच राहतो आणि ही गोष्ट लपवत नाही, म्हणून ओळखीतून ओळख काढत मुलं फोन करतात. कुणी इचलकरंजीचं, कुणी गडहिंग्लजचं. कायद्याचं सहसा कुणी विचारत नाही, पिक्चरचं विचारतात. आणि त्यांना गंभीर पिक्चर नको असतो. "रडका नको काकू, पप्पा उठून जातील. हसवणारा सांगा."

हसवणारा सांगा, हेच अवघड आहे. फोनवर मी एखादं नाव सांगून मोकळी होते, पण मग रात्री वाटत राहतं की अर्धंच सांगितलं. म्हणून आज सगळं लिहिते.

२००८ च्या नोव्हेंबरात 'दोस्ताना' लागला होता. माझा मुलगा तेव्हा दहावीत. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास मनापासून केला म्हणून आम्ही तिघं बघायला गेलो. गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मायामीत फ्लॅट भाड्यानं हवाय, पण घरात तरुण मुलगी राहते म्हणून मालकीण पुरुषांना ठेवायला तयार नाही. मग अभिषेक बच्चन आणि जॉन अब्राहम आपण जोडपं आहोत असं खोटंच सांगतात. आपल्याला ही गोष्ट ओळखीची होती. बरोबर वीस वर्षं आधी, १९८८ मध्ये, 'अशी ही बनवाबनवी'त लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगावकर साड्या नेसून पार्वती आणि सुधा झाले होते, तेही भाड्याच्या घरासाठीच. भाड्याचं घर मिळेना की आपल्या सिनेमातली माणसं कुठल्या थराला जातात बघा.

पण दोन्ही हसण्यांत फरक आहे आणि तो मला फार उशिरा कळला. 'बनवाबनवी'त आपण हसतो ते आता पकडले जातात की काय या धास्तीनं. पदर सावरताना, मालकिणीसमोर आवाज बदलताना त्यांची जी तारांबळ होते, तिला हसतो. बाई असणं हाच विनोद आहे असं तिथं बहुतेक वेळा वाटत नाही. 'दोस्ताना'त मात्र ते दोघं 'तसले' वाटावेत म्हणून जे जे करतात, तोच विनोद असतो. बोमन इराणींनी केलेला मासिकाचा संपादक तर पडद्यावर येतो तोच हसवण्यासाठी. त्याला दुसरं कामच दिलेलं नाही.

मग किरण खेर येते, अभिषेकची आई. पोराचं कळल्यावर तिचा जो आकांत होतो त्यावर एक अख्खं गाणं आहे. टॉकीज डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. पुढं मात्र तीच आई मन घट्ट करते आणि जॉनचं सुनेसारखं स्वागत करून त्याला बांगड्या देते. तिथं मला खरंच भरून आलं. पदरानं डोळे टिपले. घरी आलो, जेवलो, झोपलो. माझ्या लेखी विषय संपला.

२०१६ साली एका रात्री मुलानं मला सांगितलं. तो तेवीस वर्षांचा होता. आधी बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, "मम्मी, त्या पिक्चरला तू दोनदा डोळे पुसलेलीस. एकदा हसून आणि एकदा रडून. मी पडद्याकडं बघतच नव्हतो."

पहिल्यांदा पुसले तेव्हा त्यानं ठरवलं की हिला कधीच सांगायचं नाही. दुसऱ्यांदा पुसले तेव्हा वाटलं, सांगता येईल कदाचित. तरी पुढची आठ वर्षं त्यानं काढलीच. त्याला जे कळायचं ते माझ्या तोंडाकडं बघून कळलं होतं आणि ते एकाच पिक्चरनं, एकाच दुपारी दोन्ही बाजूंनी सांगितलं होतं. म्हणून 'दोस्ताना' वाईट की चांगला असं कुणी विचारलं की मला झटकन उत्तर देता येत नाही. त्यातल्या आईचा स्वीकार खरा आहे, मुलगाच खोटा आहे. शेवटी दोघांनाही बाईच हवी होती असं कळतं आणि टॉकीजमधले सगळे आईबाप निर्धास्त होऊन घरी जातात. माझ्या शेजारी बसलेल्या खऱ्या मुलाला त्या बांगड्यांतलं काय मिळालं, हे मी आजही स्वतःला विचारते.

त्याचं कळल्यावर मला कशाची भीती वाटली, तेही सांगते. अंबाबाई कोपेल असं नाही वाटलं. पोलिसांचं भय डोक्यातही आलं नाही, आणि तेव्हा तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जागेवर होतं. सर्वोच्च न्यायालयानं सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं ६ सप्टेंबर २०१८ रोजी. मला भीती वाटली ती एकच, लोक हसतील. गल्लीत हसतील, लग्नकार्यात हसतील, हे निवृत्तीनंतर कट्ट्यावर बसतात तिथं पाठीमागं हसतील. हे हसणं मला चांगलं ठाऊक होतं, कारण मीच ते हसले होते. माझ्या घरात या विषयावर कुणी कधी एक वाक्य बोललं नव्हतं, शाळेच्या पुस्तकात तो नव्हता, कीर्तनात नव्हता. जे काही आम्हाला ठाऊक होतं ते हसता हसता आत गेलं होतं. हसताना माणूस सावध नसतो.

यात एक आमच्या गावची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कोल्हापुरातल्या बायका बोलताना 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. मीही म्हणते. लिहिताना 'आले, गेले' लिहिते, पण तोंडातून 'आलो'च येतं. पुण्याच्या जाऊबाईंना गंमत वाटते, एवढंच. त्यावरून माझ्या बाईपणाला कुणी कधी हात लावला नाही. पण याच गावात एखादा मुलगा चुकून 'मी येते' म्हणाला तर? त्याचं नाव शाळा सुटेपर्यंत 'बायल्या'. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. असं नाव पडलेली तीन-चार मुलं माझ्या वर्गात होऊन गेली. मी "गप्प बसा रे" म्हणून पुढचा धडा घेतला. त्या मुलांची तोंडं मला आठवतात. आणि हिंदी विनोदी पिक्चरमधला तो ठरलेला माणूस आठवून बघा, नायिकेचा ड्रेस शिवणारा नाहीतर केस कापणारा. त्याला हमखास 'करती हूँ, जाती हूँ' बोलायला लावलेलं असतं आणि तेवढ्यावर टॉकीज हसतं.

हे सगळं मुंबईनं आपल्यावर लादलं असंही मी म्हणणार नाही. तमाशात नाच्या आपलाच. गवळणीतली मावशी पुरुषच करतो आणि ती आली की हशा पिकतो. 'नटरंग' २०१० च्या एक जानेवारीला आला. तो विनोदी पिक्चर नाही, पण या हशाची दुसरी बाजू मी पहिल्यांदा तिथं पाहिली. गुणा कागलकर, आपल्या कागलचा, पिळदार अंगाचा गडी. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तोच उभा राहतो आणि मग त्याचं घर, बायको, गाव सगळं हातातून जातं. गुणा बायकोपोरांचा माणूस आहे, पण लोकांना त्याच्याशी देणंघेणं नाही. मनगट वाकलं की संपलं. मूळ कादंबरी आनंद यादवांची, आणि तेही कागलचेच. त्यांनी हे हसणं जवळून पाहिलं असणार असं मला ते वाचताना वाटलं.

आणि याच कोल्हापूरनं केशवराव भोसल्यांना डोक्यावर घेतलं होतं. लहानपणी 'शारदा' नाटकात ते शारदा होऊन गायचे. त्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा गावातली मोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. शालू नेसलेल्या बालगंधर्वांचे फोटो आमच्या आजोळी भिंतीवर होते. साडीतल्या पुरुषाकडं बघून हसायचंच असतं असा नियम इथं कधी नव्हता. त्याच्याकडं आदरानं बघायची सवयही आपल्याला होती, ती कुठंतरी सुटली.

पुरुषांच्या जवळिकीचंही तसंच. तालमीत पोरं एकमेकांना तेल लावून रगडतात, रस्त्यानं गळ्यात हात टाकून जातात. कुणाला त्यात काही दिसत नव्हतं. २००३ मध्ये 'कल हो ना हो' आला. त्यात सुलभा आर्यांची कांताबेन दोन मित्रांना जवळ बघून दर वेळी हादरते. पिक्चर मलाही आवडला होता. पण त्यानंतर शाळेच्या मैदानावर दोन मुलं खांद्यावर हात टाकून चालली की बाकीची "कांताबेन! कांताबेन!" ओरडायला लागली. मुलांनी हात काढून घेतले. लेखकाला यात कुणाला दुखवायचं असेल असं मी म्हणत नाही. तिथला विनोद म्हणे कांताबेनच्या गैरसमजावर आहे. असेलही. पण शाळेतल्या मुलांनी त्यातून काय उचललं, ते मी मैदानात उभी राहून बघितलं.

मग २०२० च्या फेब्रुवारीत 'शुभ मंगल ज्यादा सावधान' आला. आयुष्मान खुराना आणि जितेंद्र कुमार. हा आम्ही चौघांनी पाहिला, मुलगा, त्याचा जोडीदार, हे आणि मी. यात पहिल्यांदा हशाची दिशा बदलली. हसायचं कुणाला, तर बापाला. गजराज रावनं केलेला हा बाप शास्त्रज्ञ, त्यानं काळा फ्लॉवर तयार केलाय, आणि रेल्वेत पोराला दुसऱ्या पोराचं चुंबन घेताना बघून त्याला ओकारी येते. घरच्यांचे सगळे उपाय इतके वेडगळ आहेत की आपण त्यांना हसतो आणि ती दोन मुलं त्या घरातली सगळ्यात शहाणी माणसं वाटतात. ह्यांना त्या बापात स्वतःचं काहीतरी दिसलं असणार. मध्यंतरात बाहेर जाऊन चौघांना चहा घेऊन आले, कुणी न सांगता. मला पिक्चर थोडा घोषणांचा वाटला, पण त्याचं ऋण मी मानते.

'बधाई दो' २०२२ चा. राजकुमार राव महिला ठाण्यातला पोलीस, भूमी पेडणेकर शाळेत खेळ शिकवणारी बाई. तो गे, ती लेस्बियन. दोघांनाही आपापल्या घरचा लग्नाचा लकडा चुकवायचाय, म्हणून ते एकमेकांशी लग्न करतात. असली लग्नं आपल्याकडं किती आहेत हे मला फोन करणाऱ्या मुलांना विचारा. या पिक्चरमध्ये हसू आहे, पण ते घरातल्या घरात सांडत राहतं, पाळी चुकली का, पाळणा कधी हलणार, सासूची धावती तपासणी. ते हसू आपलंच असतं, म्हणून कुणी दुरावत नाही. आणि मुलगा सांगतो तेव्हा शीबा चड्ढानं केलेली आई मोठं बोलत नाही. त्याला जवळ घेते. मला तेवढं पुरलं.

कारण भाषणांचं मला भय बसलंय. विनोदी पिक्चरचा एक ठरलेला साचा आहे. दोन तास सगळे पळापळ करतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत बाप उभा राहून बोलतो, पाठीमागं संगीत, जा बेटा, जगून घे. मुलं फोनवर मला हेच विचारतात, "काकू, पप्पा बोलले नाहीत काही. म्हणजे नाही म्हणाले का?" त्यांना त्या भाषणाची वाट बघायला पिक्चरनं शिकवलंय. आणि बापालाही वाटतं की आता आपल्याला असलं काहीतरी बोलावं लागणार, म्हणून तो घरी यायचंच टाळतो.

आमच्याकडं काय झालं ते सांगते. मुलानं सांगितल्यावर हे अकरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचे. मी मधल्यामध्ये. बाराव्या दिवशी पहाटे त्याच्या खोलीच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "चल." गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घेऊन गेले. तो लहान असताना दर रविवारी जायचे दोघं. म्हशीची धार समोर काढली, फेसाचा ग्लास हातात दिला. उभ्या उभ्या प्यायले आणि परत आले. वाटेत एक शब्द नाही. मुलगा घरात आला तो सरळ स्वयंपाकघरात, माझ्याकडं. ओठावर फेस तसाच होता. म्हणाला, "पप्पांनी माझा ग्लास मोठा सांगितला." ह्यांनी आजतागायत या विषयावर भाषण केलेलं नाही. मुलाच्या जोडीदाराला मात्र घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळा त्या कट्ट्यावर नेलंय.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'बधाई दो' दाखवा. ते बघून झालं आणि घरात वारं बरं असलं तर दुसऱ्या रविवारी 'शुभ मंगल'. 'दोस्ताना' लावू नका. केबलवर लागलाच तर उठून जाऊ नका, आई कुठं हसते आणि कुठं गप्प होते ते बघा. पिक्चर लावून तुम्ही गच्चीवर निघून जाऊ नका, शेजारी बसा. आणि तो संपल्या संपल्या "मग काय वाटलं?" विचारू नका. आईबापाला रात्र जाऊ द्या.

मागच्या आठवड्यात गडहिंग्लजच्या मुलाचा फोन आला. दाखवला म्हणाला. आई मध्येच भांडी घासायला उठली, पण परत येऊन बसली. वडील शेवटपर्यंत बघत होते. संपल्यावर म्हणाले, "पोलिसाचं काम चांगलं केलंय त्यानं," आणि झोपायला गेले.

"याचा अर्थ काय काकू?"

मी म्हटलं, "उठून गेले नाहीत न्हवं? मग थांब जरा. सकाळी चहाला काय म्हणतात बघ आणि मला फोन कर. मी घरातच असतो."