चौथी तार

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य, घरी आणल्यावर पहिला आठवडाभर मी एका तारेशी झगडत होतो. चार तारा, चौथीपासून पहिलीपर्यंत त्यांचे सूर: जी, सी, ई, ए. सोबत क्लिप ट्यूनर आला होता. तो दांडीच्या टोकाला लावायचा, तार छेडायची, सूर बरोबर लागला की स्क्रीन हिरवी होते. तीन तारा तासाभरात जुळल्या. चौथी, म्हणजे मांडीवर घेतल्यावर सगळ्यात वर येणारी, जुळूनही बोलेना. नुसती फरफर, पडद्यांवर आपटल्यासारखी.

कॉलेजात मित्राची गिटार हाताळली होती. तिथं सगळ्यात वरची तार सगळ्यात खर्जाची असते. इथंही तसंच असणार असं धरून मी ही तार पार मंद्र पंचमापर्यंत उतरवली होती. ट्यूनर फक्त ‘जी’ दाखवत होता, कुठल्या सप्तकातला ते सांगत नव्हता, त्यामुळे स्क्रीन हिरवी आणि आवाज मेलेला. शेवटी एका जाणत्याचं वादन कान देऊन ऐकलं तेव्हा उलगडलं. चौथी तार तिसरीपेक्षा उंच सुराची असते! सी साधारण २६२ हर्ट्झ, जी ३९२. म्हणजे तिसऱ्या तारेवर सा धरला, तर चौथीवर त्याच सप्तकातला प. तुटेल या भीतीनं अगदी हळूहळू खुंटी पिळत गेलो आणि एका जागी फरफर थांबून तार मोकळी बोलली.

आमच्या भजनी मंडळात मी बरीच वर्षं पेटी वाजवतो. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आल्यावर ओटीवर बसून गाताना हातात काहीतरी हलकं असावं, एवढ्यासाठीच हे वाद्य घेतलं. कॉन्सर्ट मापाचं, २३ इंची. नायलॉनच्या तारा बोटांना सोसतात. गिटारच्या स्टीलच्या तारांनी बोटं सोलवटली होती, तसं इथं झालं नाही. मात्र नव्या नायलॉनच्या तारा ताणून बसेपर्यंत सारख्या उतरत राहतात. पहिले दहा-बारा दिवस मी दर पाच मिनिटांनी सूर लावत होतो. नवीन शिकणाऱ्यानं हे वाद्याचा दोष म्हणून धरू नये, तारा बसल्या की टिकतात.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे जुळणारे सूर. सी कॉर्ड एका बोटाची: पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी अनामिका. पडद्यावर नाही, त्याच्या किंचित मागे. ए मायनरही एका बोटाचा, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी मधलं बोट. मला हे पेटीच्या भाषेत मांडून घेतल्यावरच पचलं. सी म्हणजे सा-ग-प, ए मायनर म्हणजे ध-सा-ग, एफ म्हणजे म-ध-सा. नावं पाठ करण्यापेक्षा हे सूर ऐकू येऊ लागले आणि हात आपोआप वळू लागला.

अडलं ते बदलताना. सीवरून एफवर जाताना असलेलं बोट उचलायचं आणि दोन नव्या जागी बोटं टेकवायची, तेवढ्यात ठेका सुटायचा. मग एक गोष्ट दिसली. मधे ए मायनर घेतला तर त्याचं मधलं बोट एफमध्ये तिथंच राहतं, फक्त तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्याशी ठेवायची. ते बोट खुंट्यासारखं रोवून मी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला आणि उजवा हात पूर्ण बंद ठेवून नुसता डावा हात घोटला. चार मात्रांत एक बदल. आठवडा लागला, पण ठेका पुन्हा सुटला नाही. जी सेव्हन त्यानंतर आला. तीन बोटांचा आहे, पण तोवर हाताला सवय झाली होती.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यभर सुतारकाम केलं. त्यांनी वाद्य उलटंपालटं करून पाहिलं, आवाजाच्या भोकाच्या कडेवर नख फिरवलं आणि म्हणाले, ‘‘प्लाय आहे, पण सांधे साफ घेतलेत. आपल्याकडच्या पावसाला हेच बरं.’’ मी त्यांना सांगितलं की हे वाद्य मुळात सुतारांचंच. १८७९ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर जहाजानं होनोलुलूला गेले. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जुझे दु इस्पिरितु सांतु हे तिघं लाकूडकाम करणारे होते. त्यांच्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून हवाईत युकुलेले घडलं, राजा कालाकौआनं त्याला दरबारी मान दिला. चांगली युकुलेले तिथल्या कोआ लाकडाची करतात. कोआ आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड, हे ऐकून अण्णा एकदम सरसावून बसले. बैलगाडीची चाकं त्यांनी बाभळीचीच केलेली. ‘‘बाभळीतून सूर निघतो म्हणायचा,’’ असं म्हणून त्यांनी वाद्य पुन्हा मागितलं आणि बराच वेळ टिचक्या मारून ऐकत राहिले.

खरा आनंद मात्र कॉर्डच्या पुढे होता. एका रात्री नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसलो होतो. प, सा, ग, ध. हा तर भूप राग, फक्त रिषभ तेवढा राहिलाय! तो तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मिळाला, तार षड्ज पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. अख्ख्या आरोहात दोनच जागी बोट टेकवायचं, बाकीचे सूर मोकळे. आणि ज्या तारेला मी आठवडाभर खर्जात कोंडलं होतं, तीच पंचम देत होती. ग आणि ध शेजारच्या तारांवर, प पलीकडच्या टोकाला, त्यामुळे एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. पेटीवर बोट उचललं की सूर संपतो. ही आस मला तिथं कधी मिळाली नव्हती. त्या रात्री साडेअकरापर्यंत वाजवत होतो.

भजनात मी काळी एकमध्ये गातो, म्हणून आता पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतो. बी फ्लॅट ही कॉर्ड अजून साफ येत नाही. तर्जनीनं दोन तारा एकदम दाबायच्या, पहिली तार अधूनमधून मुकी राहते. रोज पाच मिनिटं तेवढंच.

श्रावणात अण्णांनी युकुलेलेसाठी भिंतीवर सागाची दुबेळकी खुंटी ठोकली, भिंतीपासून चार बोटं पुढे काढून. भिंत ओल धरते, वाद्य तिला टेकता कामा नये, म्हणाले. टेकू नये म्हणून खाली आणखी एक छोटा ठोकळा लावला. त्यावर जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवलाय.