रोबोट हात हलवतो, पण जोर कोणाचा?

पक्षाघातानंतर रोबोटवर हाताचा व्यायाम सुरू करताना आधी बसणं नीट करा. पाठ टेकलेली, तळपाय जमिनीवर, छातीवर पट्टा. पट्टा नसेल तर रुग्ण कोपर सरळ करण्याऐवजी कमरेतून पुढे झुकतो. हाताबरोबर सरकणारा पडद्यावरचा ठिपका लक्ष्यापर्यंत पोहोचतो, गुणही मिळतात, कोपर मात्र होतं तिथेच! खांदा सांध्यातून खाली सरकलेला असेल तर हाताचं वजन आधारावर पूर्ण पेललं गेलं पाहिजे.

खरी गोम मदतीच्या पातळीत आहे. यंत्रच सगळं करू लागलं की रुग्ण नकळत जोर काढून घेतो. म्हणून सुरुवात त्याची, अडला तरच मोटरची मदत. जमू लागलं की ती मदत कमी करत न्यायची. स्नायू ताठर असतील तर वेग मंद ठेवा, झटक्याने ताणले की ते आणखी आवळतात. दुखलं तर थांबायचं.

ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या रॅटल्स चाचणीत (२०१९) एमआयटी-मॅनस या टेबलावर हात सरकवणाऱ्या रोबोटवर ४५ मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, १२ आठवडे सराव झाला. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा प्रत्यक्ष वापर काही सुधारला नाही. आम्हाला यात नवल वाटत नाही: टेबलावर हात सरकवणं वेगळं, पेला उचलणं वेगळं. त्यामुळे यंत्रावरून उठल्यावर लगेच खऱ्या वस्तूंचा सराव घ्या: पेला धरणं, झाकण फिरवणं, टॉवेलची घडी. बोटं उघडतच नसतील तर आधी मनगटाला आधार द्या, मग पकड.