पिठाच्या खुणांमागून लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी

कोणत्याही धावगटात दोन प्रकारची माणसे असतात. काहींचे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, आणि काही जण खरे तर धावून झाल्यावरच्या पोह्यांसाठी आलेले असतात. या दोघांना एकाच वाटेने न्यायचे कसे, हा प्रश्न डोंगरात फार जाणवतो. सपाटीवर किलोमीटरमागे दीड-दोन मिनिटांचा असलेला फरक चढावर दुपटीतिपटीने वाढतो. पुढचे लोक खिंडीत घाम सुकेपर्यंत बसून राहतात आणि मागचे धापा टाकत पोहोचले, की ‘चला, आले सगळे’ म्हणून लगेच उठतात. विसाव्याची गरज ज्यांना सर्वांत अधिक, नेमका त्यांनाच विसावा मिळत नाही. आमच्या पुण्याच्या गटात यावरून पुष्कळ कुरबुरी झाल्यावर कोणीतरी ‘हॅश’ पद्धतीने धावून पाहण्याचे सुचवले, आणि डिसेंबरातील एका रविवारी आम्ही मळवली स्थानकाबाहेर जमलो.

ही पद्धत मलायातली. १९३८ साली क्वालालंपूरमधील काही ब्रिटिश नोकरदारांनी, त्यांत आल्बर्ट गिस्पर्ट हा हिशेबनीस प्रमुख, इंग्लंडमधील शाळांत खेळल्या जाणाऱ्या कागद टाकत पळण्याच्या खेळावरून ती सुरू केली. ज्या खाणावळीत ते जेवत, तिला चेष्टेने ‘हॅश हाउस’ म्हणत, म्हणून मंडळाचे नाव ‘हॅश हाउस हॅरियर्स’ पडले. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण युद्धानंतर मंडळ पुन्हा उभे राहिले आणि आता त्याच्या शाखा जगभर आहेत. १९५० मध्ये मंडळाची नोंदणी करताना लिहिलेल्या उद्दिष्टांत व्यायाम होताच. शिवाय शनिवार-रविवारची नशा उतरवणे, चांगली तहान लावून घेऊन ती बिअरने भागवणे आणि वयस्क सभासदांना, त्यांना स्वतःला वाटते तेवढे ते म्हातारे नाहीत हे पटवून देणे, अशीही कलमे होती. आम्ही बिअरच्या जागी ताक ठेवले. बाकीची कलमे वादातीत आहेत.

नियम थोडक्यात असा. ‘हेअर’ म्हणजे ससा झालेला एक जण आधी जाऊन वाटेवर पिठाच्या चिमटी टाकतो आणि बाकीचे त्या खुणांवरून माग काढतात. मध्येच पिठाचे वर्तुळ दिसले, की तो ‘चेक’. तेथून खरी वाट कोणत्याही दिशेला गेलेली असू शकते, त्यामुळे पुढच्यांनी पांगून शोध घ्यायचा. पुढे फुली सापडली तर ती वाट खोटी, मुकाट्याने परत फिरायचे. ओळीने तीन खुणा मिळाल्या, तर ‘ऑन ऑन’ अशी आरोळी द्यायची. वेगवान माणसे खोट्या वाटांवर दमतात आणि तेवढ्या वेळात मागची माणसे वर्तुळापाशी येऊन ठेपतात. गतीतला फरक कोणालाही न थांबवता मिटवण्याची इतकी साधी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

मावळात मात्र या खेळाला एक अडचण आहे. तिकाटण्यावर पांढऱ्या पिठाचे वर्तुळ आणि त्यापुढे फुली दिसली, तर गावातल्या माणसाला तो उतारा वाटणार, आणि त्यात त्याचे काहीच चूक नाही. म्हणून आमच्या हेअरने आदल्या दिवशीच भाजे गावात आणि वाटेवरच्या घरांत सांगून ठेवले होते. पीठही खाण्याजोगे वाया जाऊ नये, म्हणून गिरणीत खाली सांडलेले, ज्वारी-बाजरी-गहू एकत्र झालेले पीठ त्याने गोळा करून आणले होते. त्याच्या खुणा पांढऱ्या न दिसता मळकट दिसत, ही त्यातली ग्यानबाची मेख! वाळलेल्या गवतात त्या हुडकताना भल्याभल्यांची मान अवघडली.

द्रुतगती मार्ग ओलांडून भाज्यात शिरल्यावर पहिल्याच वर्तुळापाशी घड्याळवाले लेण्यांच्या पायऱ्यांकडे सुसाट गेले आणि फुली पाहून परतले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ती लेणी. चैत्यगृहाच्या छतातील मूळ लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. इतक्या जवळून माघारी फिरणे मला पटत नाही, पण धावणाऱ्यांना थांबून पाहण्याची फारशी सवय नसते. पुढचा चढ गायमुख खिंडीपर्यंत सलग आहे. खिंडीत दुसरे वर्तुळ होते: उजवीकडे लोहगडवाडी, डावीकडे विसापूरच्या पायथ्याचे रान. लोहगड अधिक नावाजलेला, म्हणून पुढची सारी फौज उजवीकडे वळली. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक काकू शेवटच्या घोळक्यात होत्या. त्यांनी वर्तुळापाशी उभ्या उभ्या पाणी प्यायले, डावीकडच्या पायवाटेवर चार पावले टाकली आणि आवाज दिला, “अरे पोरांनो, फिरा मागे! ऑन ऑन!” पुढचे तासभर त्या सर्वांच्या पुढे होत्या.

रानातली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना कारवी आणि उतारावर घसारा. अशा ठिकाणी मागे रेलून ब्रेक लावल्यासारखे उतरणारा हमखास घसरतो. गुडघे सैल ठेवून, पावले छोटी टाकून, नजर तीन-चार पावले पुढे ठेवावी लागते. एका ओढ्यापाशी खुणा एकाएकी संपल्या. खाली वाकून पाहिले, तर दगडावर पिठाचा नुसता ओलसर ठसा उरला होता आणि कडेची उरलीसुरली भुकटी मुंग्यांनी ओळ लावून वाहायला घेतली होती. जवळच शेळ्या चरत होत्या, तेव्हा चोर शोधण्याची गरज पडली नाही. नियमानुसार शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे जाऊन पुन्हा शोध घेतला, आणि ओढ्यापलीकडच्या झाडाच्या मुळाशी पुढची चिमूट सापडली.

पाटण गावात उतरलो तेव्हा कोणाच्या घड्याळात चौदा किलोमीटर होते, कोणाच्या दहा, आणि तरीही पहिल्या व शेवटच्या माणसात दहा मिनिटांचेही अंतर नव्हते. घड्याळवाल्यांपैकी एकाने अंतर मोजण्यात काहीतरी घोळ असल्याची तक्रार केली. शर्यत लावल्याबद्दल त्याला दोन पेले ताकाचा दंड झाला. तो त्याने भरला आणि तिसरा पेला मागून घेतला. पावसाळ्यात पीठ टिकणार नाही म्हणून कागदाचे कपटे टाकावेत, अशी सूचना त्यानंतर पुढे आली. माझा तिला विरोध आहे, कारण कपटे वेचायला मागे कोणी जात नाही, आणि शेळ्याही ते खातात.